कर्जात बुडालेल्यांचा शेजारी : फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन



प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण दर रविवारी एकमुखाने म्हणतो. तिच्यात ऋण हा शब्द आहे. ऋण म्हणजे पाप, असे आपण मुलांना शब्बाथशाळेत समजावून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु प्रभूचे पहिले श्रोते गरीब लोक होते. ऋण म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. घेणेकरी दारात उभा राहिला म्हणजे घरातल्या माणसांची तोंडे कशी होतात, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या मंडळीतही ते पाहिलेली घरे आहेत. फक्त ती बोलत नाहीत.

म्हणून या महिन्यात अशा एका मनुष्याचे चरित्र सांगावेसे वाटते, ज्याने सावकारी पाशाकडे पाहून केवळ हळहळ व्यक्त केली नाही, तर तो सोडवण्याची रीत शोधून काढली. तो धर्मगुरू नव्हता, धनवान नव्हता, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्याला धड दिसतही नव्हते. त्यांचे नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन. आज गावोगावी ज्या पतपेढ्या आणि सोसायट्या दिसतात, त्यांच्या वंशावळीत हे नाव फार वरचे आहे.

बालपण

रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी जर्मनीत, झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. हा भाग वेस्टरवाल्ड म्हणून ओळखला जातो. उंचसखल डोंगराळ प्रदेश, थंडी कडक, जमीन हलकी, आणि वाटण्या होऊन होऊन शेते तुकडे तुकडे झालेली. नऊ भावंडांत त्यांचा क्रमांक सातवा. वडील शेती करीत आणि काही काळ गावचे प्रमुखही होते, परंतु मुलगा लहान असतानाच ते कामातून गेले आणि संसाराचा सारा भार आईवर पडला. आई प्रार्थनाशील होती. घरात पैसा नव्हता, पण पवित्र शास्त्र होते.

वरच्या शाळेत पाठवण्याची ऐपत नसल्याने गावच्या प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक झाइपेल यांनी या मुलाला स्वतः शिकवले. ते त्याचे धर्मपिताही होते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. एका खेड्यातल्या पाळकाने एका गरीब मुलासाठी आपला वेळ दिला. त्या वेळाचे पीक पुढे किती देशांत उगवणार आहे, हे त्या पाळकाला काय ठाऊक?

सतराव्या वर्षी, म्हणजे १८३५ साली, रायफायझन प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाले. तिथे त्यांची प्रगती चांगली होती, पण डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ साली त्यांना सैन्य सोडावे लागले. ज्या वाटेने जायचे ठरवले ती बंद झाली. मग त्यांनी सरकारी कारकुनी पत्करली आणि १८४५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वायरबुश येथे त्यांची बर्गरमायस्टर म्हणून नेमणूक झाली. बर्गरमायस्टर म्हणजे आसपासच्या अनेक खेड्यांचा कारभार पाहणारा अधिकारी. त्याच वर्षी एमिली श्टॉर्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

भुकेचा हिवाळा

नव्या कामावर रुजू होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १८४६ सालची पिके बुडाली. बटाट्यावर रोग पडला आणि धान्यही हाती लागले नाही. १८४६-४७ चा हिवाळा त्या मुलखात भुकेचा हिवाळा म्हणून आठवला जातो. पिठाचे भाव चढले. ज्यांच्याकडे काही नव्हते ते आधीच कर्जात होते, आणि आता पोटासाठी आणखी कर्ज काढू लागले.

सरकारने साठ्यातले पीठ पाठवले, पण अट घातली की ते रोख पैसे घेऊनच द्यावे. ज्याच्या हाती रोख पैसा आहे त्याला सरकारी पिठाची गरज नव्हती, आणि ज्याला गरज होती त्याच्या हाती रोख पैसा नव्हता. रायफायझन यांनी ती अट बाजूला ठेवली आणि पीठ उधारीवर वाटले. हा अधिकारी म्हणून त्यांनी स्वतःवर ओढवून घेतलेला धोका होता.

पण सरकारी पीठ किती दिवस पुरणार? त्यांनी गावातल्या खाऊन पिऊन सुखी असलेल्या लोकांना एकत्र बोलावले, त्यांच्याकडून निधी जमवला, धान्य विकत आणले आणि गावची भट्टी उभारून पाव भाजला. बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दराने, आणि पुढच्या पिकावर फेडण्याच्या बोलीवर, तो पाव गरिबांना मिळाला. ही त्यांची पाव मंडळी. हे दान नव्हते. घेणाऱ्याने चिठ्ठी लिहून द्यायची आणि सवडीने फेडायचे. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली गेली नाही.

गोठ्यातली गाय कोणाची?

१८४८ साली त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. येथे त्यांनी भुकेच्या मागे लपलेला खरा शत्रू पाहिला.

त्या भागातल्या शेतकऱ्याचा सारा आधार म्हणजे गाय. दूध तिचे, खत तिचे, आणि नांगराला जुंपायचीही तीच. गाय मेली किंवा विकावी लागली की शेत पडीक पडे. अशा वेळी गुरांचा व्यापारी येई आणि आपली गाय त्याच्या गोठ्यात बांधून जाई. वरवर पाहता मोठा उपकार! पण गाय व्यापाऱ्याची राहायची. चारापाणी शेतकऱ्याने करायचे, वासरू व्हायचे ते व्यापाऱ्याचे किंवा त्यात त्याचा मोठा वाटा. गाय खाऊन पिऊन अंगाने भरली की व्यापारी ती सोडून नेई आणि तिच्या जागी हडकुळी गाय बांधून जाई. शेतकरी वर्षानुवर्षे दुसऱ्याची गुरे पोसत राही आणि स्वतःच्या गोठ्यात स्वतःची एक शेपटी नसे. जमिनीचे व्यवहारही याच धर्तीचे. अक्षरशत्रू माणसापुढे कागद ठेवला जाई, आत काय लिहिले आहे ते त्याला कळत नसे, मुदत चुकली की व्याजावर व्याज चढे आणि शेवटी घराचा लिलाव होई.

येथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. कर्ज घेणे हे पाप नव्हे. बी पेरायला पैसा लागतो आणि पीक महिन्यांनी येते, तेव्हा मधल्या काळासाठी कोणीतरी उसने द्यावेच लागते. दुष्टपणा कर्जात नव्हता. तो दुसऱ्याच्या अडचणीचा आणि अज्ञानाचा भाव ठरवण्यात होता. म्हणूनच मोशेच्या नियमशास्त्रात गरिबाकडून व्याज घेण्यास मनाई आहे आणि जात्याची तळी गहाण घेण्यासही मनाई आहे, कारण जाते नेणे म्हणजे त्याचे जगणेच नेणे. वेस्टरवाल्डमधली गाय म्हणजे त्या शेतकऱ्याचे जातेच होते.

१८४९ साली रायफायझन यांनी फ्लामर्सफेल्ड येथे गरीब शेतकऱ्यांसाठी साहाय्यक मंडळी स्थापन केली. सुमारे साठ सुस्थितीतल्या गृहस्थांनी आपल्या मालमत्तेनिशी एकत्रित जामीन राहण्याचे कबूल केले. त्या जामिनावर बाहेरून वाजवी व्याजाने रक्कम मिळाली, तीतून गुरे विकत घेतली, आणि ती शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांनी दिली. हप्ते संपले की गाय शेतकऱ्याची, आणि तिची वासरेही त्याचीच. पुढे ही मंडळी रोख कर्जही देऊ लागली.

दानधर्म कोठे अपुरा पडला

१८५२ साली ते ऱ्हाइन नदीकाठी नॉयवीडजवळच्या हेडेसडोर्फ येथे गेले. तेथे १८५४ साली त्यांनी परोपकारी मंडळी काढली. तिची उद्दिष्टे वाचली म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय डोळ्यांपुढे उभा राहतो. टाकून दिलेल्या मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, गरीब शेतकऱ्यांना गुरे, आणि गरजूंना कर्ज. तो अध्याय त्यांना फार प्रिय होता आणि आपल्या कामाचा पाया म्हणून ते त्याकडे बोट दाखवीत.

परंतु काही वर्षांत एक कटू गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. या साऱ्या मंडळ्यांत देणारे एका बाजूला आणि घेणारे दुसऱ्या बाजूला होते. देणारे हळूहळू थकले. आपण जामीन राहतो, धोका आपण घेतो, आणि आपल्याला त्याचा उपयोग काही नाही, असे त्यांना वाटू लागले. घेणाऱ्यांनाही ती संस्था आपली वाटत नव्हती. दयेचा पहिला उमाळा ओसरला की निधीही आटतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. आपल्या मंडळीतला गरीब-फंड आठवून पाहा!

त्याच काळात जर्मनीत हेरमान शुल्झे-डेलिच नावाचे गृहस्थ शहरातल्या कारागिरांसाठी स्वावलंबनाच्या तत्त्वावर पतसंस्था चालवीत होते. रायफायझन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. श्रीमंतांच्या ख्रिस्ती प्रीतीवर सारे काम उभे राहील ही त्यांची आवडती कल्पना होती, आणि ती सोडणे त्यांना जड गेले. पण त्यांनी आपली चूक कबूल केली. १८६४ साली त्यांनी हेडेसडोर्फच्या संस्थेची पुनर्रचना केली. ज्याला कर्ज हवे त्याने सभासद झाले पाहिजे, आणि जो सभासद झाला तो सर्वांच्या कर्जाला जबाबदार राहिला पाहिजे. आता देणारा आणि घेणारा अशी दोन बाके उरली नाहीत. सर्वजण एकाच बाकावर बसले.

रीत काय होती?

वाचकहो, ही रीत साधी आहे, पण तिचा एकेक खिळा विचारपूर्वक ठोकलेला आहे.

पहिली गोष्ट, संस्थेचे क्षेत्र लहान. शक्यतो एका मंडळीच्या हद्दीएवढे, जेथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. कोण कष्टाळू आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण पैसे दारूत घालवील, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. परक्या सावकाराला ते ठाऊक नसते, म्हणून तो सर्वांकडून सारखेच जबर व्याज घेतो.

दुसरी, सर्वांची अमर्यादित जबाबदारी. गरिबाकडे गहाण टाकायला काही नसते. पण पन्नास गरीब एकमेकांना जामीन राहिले तर बाहेरचा ठेवीदार त्यांच्यावर विश्वास टाकतो. नीतिसूत्रांत परक्याला जामीन राहणाऱ्याला कडक इशारा दिलेला आहे, मग हे कसे, असे कोणी विचारील. फरक असा की येथे कोणी परक्याला डोळे झाकून जामीन राहत नव्हता. कर्ज कशासाठी, किती, आणि कोणाला, हे ठरवण्यात जामिनाचाच हात होता.

तिसरी, कर्ज कामासाठी, मुदत कामाच्या बेताची. बियाण्याचे कर्ज पिकावर फिटेल, गाईचे काही वर्षांत. पीक येण्याआधी हप्ता मागणे म्हणजे पुन्हा त्याला सावकाराच्या दारी ढकलणे.

चौथी, चालकांनी मानद सेवा करावी. फक्त हिशेबनिसाला त्याच्या कामाचा मोबदला. नफा वाटून घ्यायचा नाही. उरेल ते राखीव निधीत जावे आणि तो निधी कोणालाही फोडता येऊ नये. कर्जावर नफा मिळू लागला की कर्जदार शेजारी राहत नाही, गिऱ्हाईक होतो, हे रायफायझन यांनी ओळखले होते. शुल्झे-डेलिच यांच्याशी पुढे त्यांचा मोठा वाद झाला तो याच मुद्द्यांवरून. भागभांडवल, लाभांश आणि कर्जाची लांब मुदत या बाबतींत दोघांचे जमले नाही.

दुःखाची वर्षे

बाहेर काम वाढत असताना घरात मात्र अंधार दाटत होता. काही मुले लहानपणीच गेली. १८६३ साली पत्नी एमिली निवर्तली. स्वतःची प्रकृती ढासळली, दृष्टी अधिकच मंद झाली, आणि १८६५ साली अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना नोकरी सोडावी लागली. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. संसार चालवण्यासाठी त्यांनी प्रथम सिगारचा लहानसा कारखाना काढून पाहिला आणि नंतर द्राक्षमद्याचा व्यापार केला. इतरांच्या कर्जाची काळजी वाहणाऱ्याला स्वतःच्या भाकरीची चिंता सुटली नाही, आणि तरीही आपल्या संस्थांतून त्यांनी संपत्ती केली नाही.

१८६६ साली त्यांनी आपल्या अनुभवाचे पुस्तक प्रसिद्ध केले. डोळे काम देत नव्हते, म्हणून थोरली कन्या अमाली हिच्याकडून ते वाचून घेत आणि लिहून घेत. त्या पुस्तकाने जर्मनीच्या खेड्यापाड्यांत अशा संस्था उभ्या राहिल्या. खेड्यातल्या एखाद्या संस्थेकडे ठेवी जास्त आणि दुसरीकडे मागणी जास्त, अशी अडचण येई, म्हणून १८७२ साली त्यांनी मध्यवर्ती पेढी स्थापन केली. कायद्याच्या अडचणींमुळे ती रचना टिकली नाही, तेव्हा १८७६ साली वेगळ्या स्वरूपात मध्यवर्ती कर्जपेढी उभी केली. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, सर्व संस्थांचा संघ झाला.

११ मार्च १८८८ रोजी, सत्तरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला असताना, ते प्रभूमध्ये निजले.

दोन डाग

चरित्र सांगताना माणसाला देव करू नये. अमालीने लग्न केले नाही. वडिलांनीच तिला तसे करू दिले नाही, कारण तिच्यावाचून त्यांचे काम अडत होते. शेकडो घरांची काळजी वाहणाऱ्या बापाने आपल्या मुलीच्या घराचा विचार केला नाही. सेवेच्या नावाखाली घरच्या माणसांकडून आपण काय काय घेतो, हे सेवकाने अधूनमधून स्वतःला विचारावे.

दुसरा डाग अधिक गडद आहे. त्या काळी जर्मनीत सावकारी म्हटली की यहुदी लोकांकडे बोट दाखवण्याची वाईट सवय होती आणि रायफायझन यांच्या लिखाणातही यहुद्यांविषयी पूर्वग्रहाचे शब्द आले आहेत. जर्मनीत त्या द्वेषाचा पुढे काय भयंकर शेवट झाला, हे जगाला ठाऊक आहे. अन्यायी व्याज ही एका जातीची किंवा धर्माची खोड नव्हे. नहेम्याच्या पुस्तकात आपल्याच भावांची शेते आणि मुले गहाण घेणारे स्वकीयच होते. जेथे जेथे लोभाला अडचण सापडते, तेथे हे पाप उगवते, आणि ख्रिस्ती घरेही त्याला अपवाद नाहीत.

आपल्या देशाशी नाते

इकडे आपल्या दख्खनमध्ये त्याच काळात काय चालले होते? मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि सावकारांची घरे फोडून कर्जखते जाळू लागले. पाहता पाहता हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पण कायदा सावकाराचा हात धरू शकतो, बियाण्याला पैसा देऊ शकत नाही. खत जाळले तरी पुढच्या पेरणीला पुन्हा त्याच दारी जावे लागते.

याच उणिवेवर उत्तर शोधण्यासाठी मद्रास सरकारचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील संस्थांचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल १८९५ व १८९७ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे की भारतालाही रायफायझनसारखी माणसे हवीत. मग १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्या कायद्याखालची आरंभीची सुप्रसिद्ध संस्था १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ येथे निघाली. हे गाव तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यात होते, म्हणजे आमच्या बेळगावच्या वाचकांच्या शेजारचेच. त्याही आधी, १८८९ साली, वडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली होती. अन्योन्य म्हणजे एकमेकांना. रायफायझन यांच्या साऱ्या रीतीचे मर्म या एका शब्दात आहे. २०१६ साली युनेस्कोनेही सहकाराच्या या कल्पनेची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली.

आपण काय करावे?

आज गाय बांधून जाणारा व्यापारी दारात येत नाही. तो मोबाइलच्या पडद्यावर येतो. दोन मिनिटांत पैसे, कागद नको, जामीन नको! अंगठा तेव्हाही उठवावा लागे, आताही लागतो, आणि मजकूर तेव्हाही कोणी वाचत नसे. हप्ता चुकला की फोनमधल्या साऱ्या ओळखीच्यांना निरोप पाठवून अब्रू घेण्याचे प्रकार घडले आहेत. लाजेपोटी काहींनी जीवही दिला आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली अशा कर्जांसाठी नियम घातले. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावेत, कर्ज देणाऱ्या अॅपने फोनमधल्या नावांच्या यादीत शिरू नये, आणि सर्व खर्च धरून वर्षाला किती टक्के पडते ते आधी लिहून द्यावे, असे ते नियम आहेत. नियम न पाळणाऱ्या बँकेविरुद्ध किंवा कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. जी कंपनी नोंदलेलीच नाही तिच्या वाटेला जाऊ नये, आणि ती धमकी देऊ लागली तर पोलिसांत जावे.

परंतु नियम माहीत असूनही माणूस बोलत नाही, कारण त्याला लाज वाटते. येथे मंडळीचे काम सुरू होते. आपण आजाऱ्यासाठी प्रार्थना मागतो, परीक्षेसाठी मागतो. कर्जासाठी प्रार्थना मागताना मी कोणाला ऐकलेले नाही. एखाद्या बंधूने धीर करून सांगितले तर आपण त्याला उपदेश करू, की त्याच्या शेजारी बसून तो कागद वाचू? शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गात एक रविवार मुद्दल, व्याज आणि व्याजावरचे व्याज यांचा हिशेब मुलांकडून करून घेतला, तर तो रविवार वाया जाईल असे मला वाटत नाही. मंडळीतल्या दहा घरांनी दरमहा थोडे थोडे बाजूला ठेवून आपापसांत अडीअडचणीला उसने देण्याची रीत पाडली, आणि हिशेब सर्वांसमोर उघडा ठेवला, तर तीही उपासनाच आहे.

रायफायझन यांच्याजवळ दृष्टी कमी होती. पण गोठ्यात बांधलेली गाय कोणाची, हे त्यांना दिसले. आपले डोळे चांगले आहेत. पुढच्या रविवारी उपासनेत आपल्या शेजारच्या बाकावर जो बसेल, त्याच्याकडे जरा नीट पाहू या.